बाटलीत काय आहे, हे फवारणाऱ्याला कोण सांगणार?

आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. सोयाबीनला औषध मारलं, तुरीला औषध मारायचं आहे, औषधाचा पंप धुवायचा राहिला. किन्हीराजाच्या शिवारात जुलै ते सप्टेंबर हा शब्द दिवसभर कानावर पडत असतो. लेकराला ताप आला की पाजायचे तेही औषध आणि अळी मारायची तेही औषध. भाषेने दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवल्या आहेत. वस्तीतल्या पुष्कळ घरांत त्या खरोखरच एका फळीवर असतात, कारण घरात दुसरी फळी नाही.

या औषधाची एक गंमत आहे. ते विकत घेणारा वेगळा आणि अंगावर घेणारा वेगळा. शेतमालक बाजारच्या गावावरून बाटली आणतो, बहुधा उधारीवर, म्हणजे दुकानदार देईल ती. पाठीवर पंप घेऊन तासात शिरतो तो मजूर. तो आमच्या बौद्ध वस्तीतला असतो, मातंग वस्तीतला असतो, तांड्यावरचा असतो, कधी दोन एकर कोरडवाहूचा धनी असून दुसऱ्याच्या रोजाने जाणारा कुणबीही असतो. त्याच्या हातात बाटली येते ती झाकण उघडलेली. अनेकदा तीही येत नाही. बांधावर बादलीत दोन-तीन औषधे, वरून एखादे टॉनिक, असे सगळे कालवून ठेवलेले असते आणि त्याला एवढेच सांगितले जाते, की पंप भर आणि मार.

हंगामात वस्तीत गेलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "भाऊ, हे औषध असली हाय का नकली, कसं समजावं?"

लोकांकडे याची उत्तरे आहेत. वास उग्र आला तर असली. पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे झाले तर असली. संध्याकाळपर्यंत अळी पडली तर असली. यातल्या एकाही कसोटीवर विसंबता येत नाही. पाणी पांढरे होते ते त्यातल्या इमल्सिफायरमुळे. वास पुष्कळदा ज्या द्रावकात विष विरघळवलेले असते त्याचा असतो. द्रावक आणि इमल्सिफायर पुरेसे घातले आणि विष निम्मेच घातले, तरी पाणी पांढरे होईल आणि वासही उग्रच येईल. अळी पडली नाही याचा अर्थ औषध खोटे असा होतो, किंवा अळीला त्या औषधाची सवय झाली असाही होतो. मालक पहिला अर्थ धरतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्रा मारायला लावतो. ती दुप्पट मात्रा कुणाच्या नाकातोंडात जाते हे वेगळे सांगायला नको.

आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी. पण हा प्रश्न समाजशास्त्राच्या पुस्तकाने सुटणारा नव्हता. त्याचे उत्तर देणारे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे, त्याचे नाव क्रोमॅटोग्राफी. आणि ते कळायला फार काही लागत नाही, एक खडू आणि एक स्केचपेन पुरेसा आहे.

विहारातल्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत आम्ही हा प्रयोग मुलांबरोबर केला. शाळेतल्या पांढऱ्या खडूवर बुडापासून बोटभर उंचीवर काळ्या स्केचपेनने गोल रेघ काढायची. बशीत थोडे पाणी घ्यायचे, रेघ पाण्याच्या वर राहील अशा बेताने खडू उभा करायचा आणि वाट पाहायची. खडू पाणी शोषतो. पाणी वर चढते, शाईला बरोबर घेऊन चढते. पण शाईतले सगळे रंग सारख्या वेगाने चढत नाहीत. ज्याला खडूची ओढ जास्त तो मागे रेंगाळतो, ज्याला पाण्याची ओढ जास्त तो पुढे जातो. पाच-दहा मिनिटांत काळी रेघ उरतच नाही. निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे खडूवर एकावर एक दिसू लागतात. काळा म्हणून ज्याच्याकडे पाहिले तो एक रंग नव्हताच.

नेमके हेच रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केले. काचेच्या नळीत खडूची पूड भरली, वरून हिरव्या पानांचा अर्क ओतला, द्रावक सोडत राहिला, आणि पानाचा हिरवा रंग नळीत हिरव्या-पिवळ्या वेगवेगळ्या कड्यांत सुटा झाला. 1906 साली त्याने या पद्धतीला नाव दिले. पुढची पंचवीस वर्षे त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. 1930 नंतर ती पद्धत पुन्हा उचलली गेली, आणि 1952 साली मार्टिन आणि सिंज यांना तिच्याच एका सुधारित रूपासाठी नोबेल मिळाले.

खडू वाळत ठेवल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "मंग याच्यातला अशुद्ध रंग कोणता?"

या प्रश्नावर आम्ही आजही विचार करतो. खडूने तिला सांगितले की रंग तीन आहेत. कोणता किती आहे हेही मोजता येईल. पण अशुद्ध कोणता, हे खडू सांगत नाही. पेनावर "काळी शाई" लिहिले असेल तर तिन्ही रंग तिचे घटक आहेत. पेनावर "शुद्ध निळा" लिहिले असते तर निळ्याशिवायचे दोन्ही रंग भेसळ ठरले असते. म्हणजे रसायनशास्त्रात शुद्धता ही दाव्याशी बांधलेली असते. आधी दावा लिहावा लागतो, मग मोजमाप होते, मग ताळा बसतो किंवा बसत नाही. दावा करणारा कितीही मोठा असो, मोजमाप कुणाच्याही हातून तेच यायला हवे.

मराठी परिभाषेत क्रोमॅटोग्राफीला "वर्णलेखन" म्हणतात. वाचकांना या शब्दावर हसू येईल, आम्हालाही आले. या देशात वर्णाचे लेखन फार जुने आहे, फक्त त्यात खडू कधी वापरला गेला नाही. कोण शुद्ध आणि कोणाचा विटाळ हे आधी ठरले, मोजायची गरज कुणाला वाटली नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर महाडच्या सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून ते "शुद्ध" केले. शेण-गोमूत्र घातलेले पाणी शुद्ध आणि माणसाची ओंजळ लागलेले पाणी अशुद्ध, हा निकाल देणारे यंत्र जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. आणि जेव्हा मोजमाप पुढे आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठ दाखवली नाही. अस्पृश्यता वंशभेदातून आली असे म्हणणाऱ्यांनी नाकाच्या मापांचे आकडे जमवले होते. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी तेच आकडे घेतले आणि त्यांच्यावरूनच दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. आकड्याला घाबरायचे कारण दावा करणाऱ्याला असते. आम्हाला आकडा हवाच आहे.

तर आता बाटलीकडे येऊ. समजा बाटलीवर लिहिले आहे, प्रोफेनोफॉस 40 टक्के आणि सायपरमेथ्रिन 4 टक्के. विदर्भात कापसावर हे जोडऔषध सर्रास मारले जाते. प्रयोगशाळेत त्याचा थोडासा भाग तोलून द्रावकात विरघळवतात आणि त्यातला सुमारे एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, बारीक सुईने गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात सोडतात. तिथे त्याची वाफ होते. नायट्रोजन किंवा हेलियम वायू ती वाफ केसासारख्या बारीक नळीतून ढकलतो. ही नळी बहुधा 30 मीटर लांब असते आणि भट्टीत वेटोळे करून ठेवलेली असते. खडूच्या जागी नळीच्या आतला लेप, पाण्याच्या जागी वायू, एवढाच फरक. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला नळीच्या टोकाला पोचतो, तिथला शोधक त्याची नोंद घेतो आणि कागदावर एक शिखर उमटते. शिखर कितव्या मिनिटाला आले यावरून पदार्थ कोणता याचा अंदाज बांधतात, शिखराखालचे क्षेत्रफळ किती यावरून तो किती हे काढतात. पण हे दोन्ही एकट्याने होत नाही. ज्याची शुद्धता आधीच पक्की माहीत आहे असा प्रमाण पदार्थ त्याच यंत्रात, त्याच दिवशी, तसाच सोडावा लागतो आणि तुलना करावी लागते. प्रमाणाशिवाय शिखर म्हणजे नुसती डोंगराची रेघ.

भारतीय मानकांनुसार 9 ते 50 टक्क्यांच्या मधल्या औषधाला घोषित प्रमाणाच्या 5 टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे 40 टक्के लिहिले असेल तर 38 ते 42 च्या आत आकडा आला पाहिजे. 31 आला तर माल निकृष्ट. असली की नकली या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ आहे.

इतके सरळ असलेले उत्तर वेळेवर न विचारल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या राज्याने पाहिले आहे. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. मेंदूवरची सूज उतरावी म्हणून त्यांना ग्लिसरीन दिले होते. ते कारखान्यात वापरायचे ग्लिसरीन निघाले, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. आणि 2025 साली तेच ग्लायकॉल पुन्हा आले. शेजारच्या छिंदवाड्यातली लहान लेकरे खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेली, त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत गेली. या ग्लायकॉलची मर्यादा 0.1 टक्के आहे. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या बाटलीत 48.6 टक्के सापडले. जवळजवळ निम्मी बाटली विष! बाटली तपासायला घेतल्यावर हा आकडा यायला महिने लागले नाहीत. लेकरे मात्र त्याआधी गेली होती.

आता जरा अवघड भाग. आमच्या काही तरुण मित्रांना वाटते की प्रत्येक तालुक्यात यंत्र बसवले की प्रश्न मिटला. तसे होत नाही, आणि कार्यकर्त्याला हे माहीत असायला हवे, नाहीतर उद्या कंपनीचा वकील कागद दाखवून आपल्याला गप्प करेल.

यंत्र जे विचारले तेवढ्याचेच उत्तर देते. ज्या शोधकाला एखादा पदार्थ दिसत नाही, तो बाटलीत कितीही असला तरी कागदावर शिखर येत नाही. नळीतून बाहेरच न पडणारे पदार्थ मोजले जात नाहीत. दोन पदार्थ एकाच मिनिटाला पोचले तर दोघांचे मिळून एकच शिखर दिसते. उलट सायपरमेथ्रिनसारखा एकच पदार्थ अनेक शिखरे देतो, कारण त्याच्या रेणूच्या रचनेचे वेगवेगळे प्रकार एकाच नावाखाली नांदतात. म्हणून "कागदावर 99 टक्के आले" या वाक्याला भुलायचे नाही. कशाच्या 99 टक्के? जे दिसले त्याच्या.

याहून महत्त्वाचे उदाहरण पाकिस्तानातले आहे. 1976 साली तिथे मलेरिया निर्मूलनासाठी घरोघर मॅलेथिऑन फवारण्याचे काम चालू होते. सुमारे 7500 फवारणी कामगार होते. त्यांतले अंदाजे 2800 विषबाधेने आजारी पडले, 5 जण मेले. मॅलेथिऑन तसे त्या गटातले सौम्य विष मानले जाते, मग असे का झाले? शोध घेतल्यावर आयसोमॅलेथिऑन सापडले. मॅलेथिऑनच्या भुकटीतच तयार होणारी ही अशुद्धी आहे, आणि उष्णतेत साठवण झाली की ती वाढते. तिचा स्वभाव असा, की मॅलेथिऑन मोडून टाकणारे शरीरातले विकरच ती बंद पाडते. मग सौम्य विष सौम्य राहत नाही. ज्या मालात ही अशुद्धी सर्वांत जास्त, तो माल मारणारे सर्वांत जास्त आजारी. मुख्य घटकाचे टक्के बरोबर आहेत की नाहीत, एवढेच विचारले असते तर ही गोष्ट निसटली असती. अशुद्धी कोणती आणि किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा विचारावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याच्या गोदामात काय तापमान असते ते ज्याने तिथे पोती उचलली आहेत त्याला विचारा. गेल्या हंगामातल्या उरलेल्या बाटल्या तिथेच असतात.

आणि समजा सगळे शुद्ध निघाले. घोषित प्रमाण बरोबर, अशुद्धी मर्यादेत, कागदावर शिक्का. तरी मजूर मरतो. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीला लागला होता, फवारा वरच्या दिशेने मारावा लागत होता आणि तो परत तोंडावर येत होता. सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि आमच्या वाशिम जिल्ह्यात पाच औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यात प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे ते जोडऔषध होते, मोनोक्रोटोफॉस होते, डायफेन्थियुरॉन होते. कायद्याने राज्याला अशी बंदी एका वेळी 60 दिवसच घालता येते. त्या बातम्यांत नकली औषधांची चर्चा फार झाली. आमचे म्हणणे वेगळे आहे. नकली औषधाने पीक बुडते, हे खरे. पण असली औषध हे असली विष असते. त्याची शुद्धता हा मालकाच्या पिकाचा विमा आहे, मजुराच्या छातीचा नाही.

मग मजुराला ही तपासणी कशाला हवी? उपचारासाठी हवी. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गनोफॉस्फरस गटातली विषे. त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. सायपरमेथ्रिनवर असा नेमका उतारा नाही, डायफेन्थियुरॉनवरही नाही, तिथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, काय मारत होता? आणि आमचा माणूस सांगतो, औषध. बादलीत तीन बाटल्या कालवल्या असतील तर त्या मिश्रणाची तपासणी कोणत्याच प्रयोगशाळेने कधी केलेली नसते, कारण ते मिश्रण कोणत्याच कारखान्यात तयार झालेले नसते. ते बांधावर तयार झालेले असते.

रक्तातल्या कोलीनएस्टरेज विकराची पातळी मोजली तर ऑर्गनोफॉस्फरस विष अंगात किती चढले ते कळते. 1971 च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि या गटातली विषे हाताळणाऱ्यांच्या रक्ताची ही चाचणी लिहून ठेवली आहे. आम्ही आजवर शिवारात असा एकही मजूर पाहिला नाही ज्याचे रक्त कुणी या कारणासाठी काढले. 2017 साली यवतमाळमध्ये माणसे भरती होत होती तेव्हा तिथे ही चाचणी होत नव्हती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले.

आता कायद्यात काय आहे ते वाचा, म्हणजे मजूर कुठे उभा आहे ते दिसेल. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे निरीक्षक दुकानातून नमुना घेतो आणि त्याचे तीन भाग करून सीलबंद करतो. एक भाग ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला, म्हणजे विक्रेत्याला परत. दुसरा भाग सरकारी विश्लेषकाकडे. तिसरा भाग न्यायालयासाठी राखीव. विश्लेषकाने 30 दिवसांत अहवाल द्यायचा. अहवालाच्या दोन प्रती. एक निरीक्षकाकडे, एक विक्रेत्याकडे. विक्रेत्याला तो मान्य नसेल तर 28 दिवसांत तसे कळवून तो आव्हान देऊ शकतो, मग न्यायालय राखून ठेवलेला भाग फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवू शकते.

ही रचना वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आरोप होणाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी हवी, हे संविधान मानणाऱ्याला पटायलाच हवे. पण मोजून पाहा. नमुन्याचे भाग तीन, अहवालाच्या प्रती दोन, आणि ज्याने तीच बाटली पाठीवर वाहिली त्याच्या नावाने एकही नाही. तीस दिवसांत सोयाबीनवरच्या दोन फवारण्या उरकतात. अहवाल "निकृष्ट" आला तरी तो माल तोवर शिवारात आणि फुप्फुसांत मुरलेला असतो, आणि मजुराला ते कधीच कळत नाही.

माणूस गेल्यावर पुन्हा क्रोमॅटोग्राफी येते. शवविच्छेदनात व्हिसेरा राखून ठेवतात आणि तो न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. तिथे सिलिकाचा थर दिलेल्या काचपट्टीवर, म्हणजे आमच्या खडूच्याच मोठ्या भावावर, किंवा यंत्रावर विष शोधतात. त्या अहवालावाचून विषबाधेचे कागद पुढे सरकत नाहीत. शेतकरी अपघाताच्या गोपीनाथ मुंडे योजनेत विषबाधेने मृत्यू झाल्यास 2 लाखांची मदत आहे. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या माणसाला. सातबारा मागतात. ज्याच्या सात पिढ्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्याच्या आतड्यात शुद्ध 40 टक्क्यांचे विष सापडले, तरी या योजनेत तो बसत नाही. यंत्राने आपले काम केलेले असते. यंत्राच्या पुढे जे टेबल आहे तिथे वर्णलेखन सुरू होते.

म्हणून किन्हीराजा परिसरातल्या आमच्या तरुणांनी दोन कामे हाती घेतली आहेत. एक अगदी साधे. अभ्यासिकेत एक वही ठेवली आहे. आमच्या माणसाने ज्या दिवशी फवारणी केली त्या दिवशी मोबाइलवर बाटलीच्या लेबलचा फोटो काढायचा आणि वहीत औषधाचे नाव, घटक, टक्के, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग आणि शेताचा गट उतरवायचा. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. बादलीत काय काय कालवले तेही लिहायचे. कुणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर माणसाबरोबर बाटली दवाखान्यात न्यायची, बाटली नसेल तर फोटो. मालक सुरुवातीला कुरकुरले. फोटो काढला म्हणून एकाला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले नाही. मग त्या शेतावर कुणीच गेले नाही, आणि तिसऱ्या दिवशी मालक स्वतः बाटली दाखवायला आला. (त्या निमित्ताने त्यानेही पहिल्यांदाच लेबल वाचले.)

दुसरे काम कागदाचे आहे. माहितीचा अधिकार कायदा 2005 म्हणजे फक्त झेरॉक्स मागायचा कायदा, असा समज आहे. त्यातल्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलेला आहे. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. उत्तर 30 दिवसांत, आणि प्रश्न जीविताचा असेल तर 48 तासांत. आम्ही वहीतून बॅच नंबर काढले आणि अर्जात एवढेच विचारले आहे: या हंगामात आमच्या तालुक्यातून कीटकनाशकाचे किती नमुने घेतले, ते कोणत्या दिवशी प्रयोगशाळेकडे पाठवले, अहवाल कोणत्या दिवशी आला, कोणत्या बॅचमध्ये घोषित टक्के किती आणि सापडले किती, अशुद्धींची तपासणी केली असल्यास त्यांचे आकडे काय, निकृष्ट ठरलेल्या बॅचची उरलेली विक्री कोणत्या तारखेला थांबवली, आणि ही माहिती फवारणी करणाऱ्यांना कळवण्यासाठी काय केले. शेवटी एक विनंती जोडली आहे, की प्रत्येक अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

अर्जावर पंधरा जणांच्या सह्या आहेत, त्यातले अकरा जण स्वतः पंप मारतात. ज्या तालुक्यांत आपले तरुण आहेत त्यांनी आपापल्या बॅच नंबरांसह हाच अर्ज टाकावा. मसुदा हवा असेल तर कळवा, वहीच्या रकान्यांचा नमुनाही सोबत पाठवू. तुरीवरची फवारणी अजून बाकी आहे.

जय भीम.